सातखाडीचे देव: प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

टेबलवर पात्रं घेऊन खेळायच्या आमच्या खेळासाठी मी रचतेय त्या सातखाडीचा नकाशा एकदाचा पक्का झाला. किनारा, आत शिरलेल्या सात खाड्या, त्यांच्या काठची मिठागरं आणि खारवट शेतं, मागे डोंगर, आणि डोंगरापलीकडे दीडशे वर्षांपूर्वी मोडून पडलेलं थोरलं राज्य. आता देव. नव्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या कथेत, एक जण क्लेरिक (देवाच्या बळावर जादू करणारा पुजारी) घेतोय आणि त्याचा पहिला प्रश्न होता, "माझा देव कोण?" रास्त आहे.

नेहमीचा तक्ता करायचा नाही एवढं ठरलेलं आहे. युद्धाचा देव, प्रेमाची देवी, मृत्यूचा देव, जंगलाचा देव. प्रत्येकासमोर एक चिन्ह, एक शस्त्र, दोन डोमेन (अधिकारक्षेत्रं). असा तक्ता तासाभरात होतो आणि दिसतोही झकास. पण हा क्लेरिक सकाळी उठून काय करतो, काय खात नाही, कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही, कुणाचं देणं लागतो, हे त्यातून कळत नाही. खेळाडू देवाचं नाव कॅरॅक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, एकदा लिहितो आणि विसरून जातो.

म्हणून सुरुवात माणसांपासून. या किनाऱ्यावर राहणाऱ्याची झोप कशाने उडते? बांध फुटून खारं पाणी शेतात शिरतं. दाण्यावर रोग पडतो. गाळ सरकला की शेताची हद्द सरकते आणि भावकीत डोकी फुटतात. गेलेली होडी परत येत नाही. सावकार दारात येतो. पाच भीतींचे पाच देव होतीलच असं नाही, पण ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही असा देव आत्ता नको. प्रेमाची देवी तूर्तास रद्द. (लग्न जुळवणं हे इथे हद्दीच्या देवाचं काम निघेल असा माझा अंदाज आहे. लग्नात जमीन इकडची तिकडे होते.)

१३ जानेवारी

लहान कामाचे देव शोधत रोमनांकडे गेले आणि तिथेच रमले. रोबिगस हा त्यांचा पिकावरच्या तांबेऱ्याचा देव. त्याचा दिवस २५ एप्रिल, म्हणजे गव्हाला रोगाचा धोका असतो तो काळ. त्याची आराधना करायची ती त्याने लांब राहावं म्हणून. रोमन कवी ओव्हिडने त्याच्या पुजाऱ्याची विनवणी दिली आहे: कोवळ्या पिकाला हात लावू नकोस, गंज चढवायचाच तर तलवारींवर आणि भाल्यांवर चढव. एका वाक्यात शेतकरी, सैनिक आणि त्यांच्यातला झगडा, तिन्ही आले.

त्याहून मजेशीर म्हणजे दाराचे देव. फळीचा फोर्क्युलस, बिजागरीची कार्डिया, उंबऱ्याचा लिमेंटिनस. संत ऑगस्टीनने याची भरपूर टिंगल केली आहे: दारावर माणूस एक पुरतो, देव मात्र तीन लागतात! पण जीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, नजरेने बघितलं तर ही खाणच आहे. बिजागरीची देवी चोराचं पात्र खेळणाऱ्याच्या किती कामाची! कुरकुर न करता दार उघडावं म्हणून तो तिला तेल वाहील, आणि घरमालकही तिलाच तेल वाहील, दार कुरकुरावं म्हणून. एका देवीकडे दोघांची मागणी, आणि दोन्ही मागण्या एकमेकींच्या विरुद्ध. "आकाशाचा अधिपती" घेऊन असा प्रसंग मला उभा करता आला नसता.

काम जितकं बारीक, तितका देव टेबलवर वापरायला सोपा. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

२१ जानेवारी

काणाई.

दाण्यावर पडणाऱ्या काणीची देवी. कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते, ती तिची पावलं. तिचं देऊळ नाही, कारण तिला घर दिलं तर ती राहील. पेरणी झाली की गाव तिला वाजतगाजत आणतं, मान देतं, ओटी भरतं आणि त्याच रात्री वेशीपर्यंत नेऊन सोडतं. वेशीपलीकडे. म्हणजे शेजारच्या गावाच्या रानात.

शेजारचं गावही दुसऱ्या दिवशी तेच करतं. डोंगराच्या पायथ्यापासून काणाई अशी गावोगाव ढकलली जात खाडीकडे सरकते. प्रत्येक गाव तिचं स्वागत मनापासून करतं आणि निरोप त्याहून मनापासून देतं. निरोपाचं वाक्य ठरवलं: "आई, आमच्याकडे फार कष्ट झाले तुला, पुढे बघ." पुढच्या गावाचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर तो उघड शाप ठरतो, आणि शापाचा निवाडा हद्दीच्या देवापुढे होतो.

सगळ्यात शेवटचं गाव, वाकण. त्याच्या पुढे खाडी. काणाई पाण्यात उतरत नाही. मग वाकणचे लोक काय करतात?

हा प्रश्न मी मुद्दाम उघडा ठेवलाय. माझ्याकडे तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही वाईट आहेत. एक, वाकणला पीकच घेत नाहीत; वरची गावं त्यांना दरवर्षी धान्य देतात आणि त्या बदल्यात वाकणने काणाईला ठेवून घ्यायचं. यंदा वरच्यांनी धान्य दिलेलं नाही. दोन, वाकणचे लोक तिला होडीत बसवून पलीकडच्या काठावर चोरून सोडतात, आणि पलीकडच्यांना अजून पत्ता नाही. तीन, दरवर्षी गावातली एक बाई काणाई "घेते", म्हणजे वर्षभर अंगावर वागवते आणि शेतात पाय ठेवत नाही. खेळाडू ज्या दिशेने खोदतील ते उत्तर खरं. पहिलं माझ्या आवडीचं आहे. त्यात हिशेब आहे, आणि हिशेब असला की भांडण येतं.

देवीचं स्वरूप, वाहन, शस्त्र यातलं एक अक्षर लिहिलेलं नाही. मिरवणुकीत तिची मूर्ती कशी असते एवढंच लिहिलंय: गवताची, तोंड नसलेली, पाठीला पाठ लावलेल्या दोन बाहुल्या. आणताना जी बाहुली गावाच्या बाजूला असेल ती आई, नेताना तीच पाहुणी.

२ फेब्रुवारी

आता मुख्य गाठ: या जगात देव खरोखर आहेत का, आणि असले तर नियमांत ते कुठे बसतात?

या छंदात हा प्रश्न पहिल्यापासून आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला आणि १९७६ मध्ये देवांची पुरवणी निघाली. तिच्यात ओडिनला ३०० हिट पॉइंट (किती मार सोसता येतो त्याचा आकडा) दिलेले होते. भरमसाट लेव्हलच्या पात्रांना लगाम बसावा, देवासमोर आपण किती खुजे ते त्यांना कळावं, असा हेतू होता. घडलं उलटंच. आकडा दिसला की खेळाडू तो शून्यावर आणायचा विचार करतो. देवाला हिट पॉइंट दिले की तो शेवटच्या खोलीतला राक्षस झालाच म्हणून समजा. १९७८ च्या 'रूनक्वेस्ट'ने वेगळी वाट धरली. त्यात ग्रेग स्टॅफर्डच्या ग्लोरांथा जगातले पंथ आले. तिथे योद्धा असो की व्यापारी, प्रत्येक जण कुठल्या तरी देवाच्या पंथातला असतो. जादू पंथातून मिळते आणि बंधनंही तिथूनच येतात. मला ही वाट जवळची.

आमच्याकडे देवांना आकडे नाहीत. आकडे आहेत ते देव आणि पात्र यांच्यातल्या व्यवहाराला. प्रत्येक पात्राच्या शीटवर देवाच्या नावापुढे दोन रकाने: जमा आणि नावे. नवस फेडला की जमा. नवस बोलून विसरलात, वर्ज्य मोडलंत, दुसऱ्याच्या नवसाचं उचललंत, की नावे.

हा व्यवहार दोन्ही बाजूंनी खरा हवा. देवालाही माणसांची गरज असली पाहिजे. याला जुना आधार आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन हित्ती राज्याचा राजा दुसरा मुर्शिली, इ.स.पू. चौदावं शतक. देशात वर्षानुवर्षं साथ चालू आहे आणि हा प्रार्थनेत देवांशी चक्क वाद घालतो: तुमच्यासाठी भाकरी करणारे मेले, पेय ओतणारे मेले, आता तुम्हाला वाढणार कोण? कौल लावून त्याने कारणंही शोधून काढली. एका नदीचे विधी राहून गेले होते आणि इजिप्तशी शपथेवर केलेला करार मोडला होता. म्हणजे देवाकडची थकबाकी आणि राजकारणातली थकबाकी एकाच वहीत. अक्कदी महापूरकथेत तर पुरात माणसं बुडाल्यावर देव उपाशी पडतात, आणि वाचलेल्या एका माणसाने नैवेद्य दाखवताच त्याच्याभोवती माश्यांसारखे गोळा होतात.

देव आहेत का, याचं उत्तर खेळाडूंना मी देणार नाही. जमा-नावेची वही मात्र सगळ्यांना दिसेल.

११ फेब्रुवारी

कौल लावण्याचा नियम तयार. सहा बाजूंचे दोन फासे. बेरीज ६ किंवा कमी: देव गप्प, पुढच्या उधाणापर्यंत तोच प्रश्न पुन्हा विचारता येणार नाही. ७ ते ९: उत्तर मिळतं, सोबत मागणी येते. १० किंवा जास्त: स्वच्छ उत्तर.

मुद्दाम आकडे मांडून बघितले. दोन फाशांचे ३६ प्रकार; त्यात गप्प १५, मागणीसह उत्तर १५, स्वच्छ उत्तर ६. वहीत जमा असेल तर बेरजेत १ मिळवायचा. मग गप्प १०, मागणीसह १६, स्वच्छ १०. नावे असेल तर १ वजा: गप्प २१, मागणीसह १२, स्वच्छ ३. एवढ्याशा एकाने इतका फरक पडतो हे बघून बरं वाटलं. जमा बाजू राखण्यासाठी खेळाडू आपणहून देवळात जातील, मला ढकलावं लागणार नाही.

कौल धुडकावला तर काय, यावर बराच वेळ घालवला. वीज पाडणं हा आळशीपणा आहे. इ.स.पू. २४९ मध्ये ड्रेपानाच्या आरमारी लढाईआधी रोमन सेनापती क्लॉडियस पुल्खरसमोर पवित्र कोंबड्यांनी दाणे टिपले नाहीत. अपशकुन. "खात नाहीत तर पाणी पिऊ देत," म्हणत त्याने कोंबड्या समुद्रात फेकल्या आणि लढाई सपाटून हरला. देवांचा कोप म्हणा. पण जहाजावरच्या ज्या वल्हेकऱ्यांनी कोंबड्या पाण्यात पडताना बघितल्या, त्यांचे हात त्या दिवशी कसे चालले असतील? मला नियम तिथे हवा होता. म्हणून: कौल चारचौघांत लावला आणि चारचौघांत धुडकावला, तर ज्यांनी बघितलं त्या सगळ्यांचं मनोधैर्य एका पायरीने खाली. कौल एकांतात लावला तर कुणाला काहीच कळणार नाही. पण मग अनुकूल कौलाने लोकांचं मनोधैर्य वाढण्याचा फायदाही नाही.

चोर खेळणाऱ्याने लगेच विचारलं, खोटा कौल लावता येईल का? येईल. त्यासाठी वेगळा नियम केलेला नाही. नेहमीची फसवणुकीची फेक, आणि पकडला गेलास तर गाव बघून घेईल.

२४ फेब्रुवारी

देवमंडळाचा इतिहास. ही सगळ्यात रसाळ बाजू आहे आणि घरगुती जगांत तिचाच तुटवडा असतो. बारा देव आहेत, एकमेकांची भावंडं आहेत, सगळ्यांना सगळीकडे तीच नावं आहेत. असं कधी होतं? कुणीतरी बसून यादी नीट केली की. आणि यादी नीट करणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा राज्य असतं.

बॅबिलोन मोठं झालं तसा त्या शहराचा मार्दुक देवांचा राजा झाला. सृष्टीच्या कथेत सगळ्या देवांनी त्याला राजेपद दिलं, वर ५० नावं दिली. पुढे असीरियन लोकांनी तीच कथा घेतली आणि मार्दुकच्या जागी आपल्या अश्शूरचं नाव घातलं. इजिप्तमध्ये थीब्ज शहर वर आलं तसा तिथला आमोन सूर्यदेव राला जोडला गेला आणि आमोन-रा झाला. पहिल्या टॉलेमीच्या काळात अलेक्झांड्रियात ओसिरिस-एपिसला ग्रीक चेहरामोहरा देऊन सेरापिस उभा राहिला, राज्यकर्ते ग्रीक आणि प्रजा इजिप्शियन म्हणून. उतरती कळा बघायची तर इंद्राकडे बघावं. ऋग्वेदाची जवळपास चौथाई सूक्तं त्याची. इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या पश्चिम आशियातल्या मितन्नी राज्याच्या करारात मित्र, वरुण, नासत्य यांच्याबरोबर तो साक्षीला आहे. पुराणांत मात्र कुणीही तप करायला बसलं की आसन डळमळतंय म्हणून घाबरणारा राजा एवढाच उरला.

त्यावरून सातखाडीचे तीन थर पाडले.

सगळ्यात खाली खाडीकाठचे जुने देव: वेळामाय (भरती-ओहोटीची), मेरोबा (हद्दीचा), काणाई, दिवजाई (बंदरावरच्या दिव्याची). त्यांची एकमेकांशी नाती नाहीत, फक्त कामं आहेत. त्यावर डोंगरी धनगरांचा एकच देव, ज्याचं नाव घेत नाहीत, "वरचा" म्हणतात. आणि सगळ्यांच्या डोक्यावर थोरल्या राज्याने आणलेली बारा आसनं. तिथला मुख्य तुस्करेन, लढाईचा.

राज्याने किनारा जिंकला तेव्हा जुने देव मोडले नाहीत. त्यांना आसनांच्या नात्यात ओवलं. वेळामायचं लग्न तुस्करेनशी लावलं. राज्याच्या शिलालेखात ती त्याची बारावी राणी. खाडीकाठचे लोक तीच गोष्ट सांगतात, पण त्यांच्या सांगण्यात तो घरजावई आहे. सासुरवाडीत आला आणि परत गेलाच नाही, जेवतो आमचं आणि रुबाब दाखवतो राज्याचा. वेळामायच्या देवळात त्याची मूर्ती आहे, ओसरीवर, चपला काढतात त्याच्या शेजारी. लढाईच्या देवाला हात जोडायला आलेला जुना सैनिक ते बघून खवळतो. खेळाडूंच्या गटात एक पात्र जुन्या सैनिकाच्या घराण्यातलं आहे. मी काहीच बोललेली नाही, वाट बघतेय.

७ मार्च

नावांपुरती नोंद. ओबा, आई, माय हे शेवट फक्त खाडीकाठच्यांना. थोरल्या राज्याची नावं चार अक्षरी, शेवटी "एन": तुस्करेन, ओर्दलेन, मिथसेन. नाव कानावर पडताच देव कुठल्या थरातला ते कळलं पाहिजे. मिठागरांच्या देवीला एका खेळाडूने "मिठाई" सुचवलं. नामंजूर. तो अजूनही तिला मिठाईच म्हणतोय.

१६ मार्च

राज्य मोडलं, मग तुस्करेनच्या देवळांचं काय झालं? लढायला सैन्य नाही, पण देवळं दगडी, भिंती जाड, पुजाऱ्यांना लिहिता-वाचता येतं. म्हणून ती तिजोऱ्या झाली. हे पटवून द्यायला फार कष्ट नकोत. रोमचा सरकारी खजिना सॅटर्नच्या देवळात होता, टाकसाळ जुनो मोनेटाच्या देवळाशी. अथेन्समध्ये अथीनाच्या मूर्तीवर ४० टॅलेंट (वजनाचं जुनं माप) सोनं चढवलेलं होतं, तेही उतरवता येईल अशा बेताने. स्पार्टाशी युद्ध पेटलं तेव्हा पेरिक्लीसने लोकांना सांगितलं की वेळ आलीच तर हे वापरू, पण नंतर तेवढंच परत चढवावं लागेल. देवीकडून उसनं.

तर तुस्करेनचे पुजारी आता सावकार आहेत. किनाऱ्यावरची प्रमाण वजनं त्यांच्या देवळात ठेवलेली आहेत आणि खोटं माप देणं हा तुस्करेनचा अपमान. कर्जाचा कागद देवाच्या जुन्या भाल्याला बांधून ठेवतात. फेडलं की सगळ्यांसमोर सोडतात. भाल्यावर इतके कागद आहेत की पातं दिसत नाही.

क्लेरिकवाल्याने हाच देव निवडला! लढाईचा देव म्हणून निवडला होता, ही बाजू कळल्यावर बदलेल असं वाटलं. उलट त्याने पात्राची पार्श्वभूमीच वसुलीची करून आणली. त्याची पवित्र वस्तू म्हणजे वजनाचा काटा. आता हा गृहस्थ दुष्टांशी लढण्याआधी त्यांच्याकडे काय थकलंय ते विचारतो, आणि सगळा गट ते उत्तर लक्ष देऊन ऐकतो.

२८ मार्च

पंचांग. चांद्रमास २८ दिवसांचा ठेवला, खऱ्यापेक्षा दीड दिवस कमी, पण टेबलवर मोजायला सोपा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती. म्हणजे दर १४ दिवसांनी उधाण, आणि वेळामायचं सगळं त्यालाच बांधलेलं: नवस उधाणाला बोलायचा, फेडायचा भांगाला, पाणी शांत असताना. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, तेही ठेवलंय, कारण चोरट्या मालाच्या होड्या त्यावरच चालतात.

दोन चंद्र हवेत अशी एक मागणी आली होती. भरतीचा हिशेब कोण करणार? एकच चंद्र.

१० एप्रिल

कालच्या सेशनवर, म्हणजे खेळाच्या बैठकीवर, लिहिण्यासारखं बरंच आहे. गटाला बंदरकोट घ्यायचा होता. तटबंदी मजबूत, माणसं कमी. तिथली रक्षणकर्ती दिवजाई. तिचा दिवा जळतोय तोवर बंदर पडत नाही असा समज. सैनिकाच्या घराण्यातलं पात्र खेळणारी म्हणाली, "देवीलाच आपल्या बाजूला बोलावलं तर?"

हे तर रोमनांचं जुनं हत्यार. वेढा घातलेल्या शहराच्या देवाला विधीपूर्वक विनंती करायची: हे शहर सोड, आमच्याकडे ये, याहून मोठं घर देतो. इ.स.पू. ३९६ मध्ये व्हेई पडलं तेव्हा तिथल्या जुनोला असंच नेलं. मूर्ती उचलायला गेलेल्यांपैकी एका तरुणाने, थट्टेने म्हणा की श्रद्धेने, विचारलं, "जुनो, रोमला येतेस का?" आणि बाकीचे ओरडले की देवीने मान हलवली! रोमन इतिहासकार लिव्हीने हे दिलंय, आणि त्या तरुणाबद्दलचा "थट्टेने की श्रद्धेने" हा संशयही त्याचाच.

नियम जागेवरच केला. तीन गोष्टी हव्यात: देवीला सध्यापेक्षा मोठं काहीतरी कबूल करायचं, आतल्या तिच्या सेवेकऱ्यांपैकी एकाची संमती मिळवायची, आणि मग सर्वांदेखत कौल. दिव्याला तेल घालणारी म्हातारी त्यांनी गाठली. तिने विचारलं, "तिकडे तेल कोण घालणार?" या प्रश्नावर टेबल बराच वेळ गप्प होतं. शेवटी तुस्करेनच्या क्लेरिकने स्वतःच्या नावे लिहून दिलं: डोंगरावर दुप्पट उंच दीपस्तंभ आणि म्हातारीला मरेपर्यंत चाकरी. फासे पडले ८. उत्तर आलं, मागणीही आली: जुना दिवा ज्याने विझवायचा त्याने पुन्हा कधी दिवा लावायचा नाही.

चोराने विझवला. हसत हसतच. आता तो अंधारात वाट दाखवायलासुद्धा मशाल पेटवू शकत नाही, आणि ज्याला अंधारात दिसतं असं गटात कुणी नाही.

बंदरकोट लढाईशिवाय पडला. पुढे जे झालं त्याची तयारी मीसुद्धा केली नव्हती, ते आपोआप निघालं: दिवजाई गेलेल्या बंदरातून कोळी होड्या काढेनात. शहर हातात आहे आणि शहरात खायला नाही. दीपस्तंभ बांधायला पैसा हवा, पैसा बंदरातून येणार, बंदर बंद. क्लेरिकच्या वहीत दिवजाईच्या नावापुढे एवढं नावे पडलंय की त्याचा स्वतःचा देवसुद्धा त्याला कर्ज देणार नाही.

१९ एप्रिल

अलाइनमेंट, म्हणजे पात्राचा किंवा देवाचा नैतिक कल सांगणारा तक्ता, काढून टाकलं. कायदा आणि अराजक, भलं आणि बुरं अशा नऊ चौकोनांत काणाई कुठे ठेवणार? इजिप्तची सेखमेत साथी पाठवते आणि तिचेच पुजारी वैद्यकी करतात. ज्याच्या हाती रोग त्याच्याच हाती उतारा, हे माणसाला सरळ कळतं. चौकोनाला कळत नाही.

पॅलाडिन (शपथेने बांधलेला धर्मयोद्धा) खेळणाऱ्याची कुरकुर: मग वाईट शक्ती ओळखायची कशी? त्याच्या शक्तीचा नवा अर्थ असा केला: समोरच्याने कुठल्या देवाचं थकवलंय ते त्याला दिसतं. दुष्टपणा ओळखण्यापेक्षा हे जास्त धोक्याचं निघालं. पहिल्यांदा वापरलं ते आपल्याच क्लेरिकवर.

३ मे

या पर्वाचा शेवट ठरला. प्रलय नको, राक्षस नको. वेळामाय रुसणार.

आधार पुन्हा हित्तींचा. त्यांचा तेलिपिनु देव रागावतो, इतका की घाईत उजवा जोडा डाव्या पायात घालतो, आणि निघून जातो. मग खिडक्यांना धुकं धरतं, घर धुराने कोंदतं, चुलीतली लाकडं धुमसत राहतात, मेंढी कोकराला जवळ करत नाही. मोठमोठे देव शोधून थकतात, गरुडालाही सापडत नाही. शेवटी एक मधमाशी त्याला शोधून काढते आणि डंख मारून उठवते. त्यामुळे तो आणखी भडकतो, हे मला फार आवडतं. सापडला म्हणजे संपलं असं नाही. समजूत काढावी लागते, आणि तीच गोष्टीची खरी मेहनत.

वेळामाय गेली की भरती थांबते, पाणी अर्ध्यावर उभं राहतं. भरतीही नाही, ओहोटीही नाही. मिठागरात पाणी शिरत नाही, चिखलात रुतलेल्या होड्या निघत नाहीत, नवस बोलायला उधाण नाही, फेडायला भांग नाही. म्हणजे सगळ्यांच्या वह्या गोठतात. ज्यांच्या जमा आहे ते चिडतील, ज्यांच्या नावे आहे ते मनातून खूश होतील, आणि तिला परत आणायचं की नाही यावर गटातच दोन बाजू पडतील. सावकारांना ती परत नकोच. दंड वाढत राहतो.

ती का रुसली? उत्तर खेळाडूंच्या वह्यांतूनच काढणार. आत्तापर्यंत कुणाचे कुठले नवस राहिलेत ते जुन्या सेशनांच्या टिपणांतून काढतेय. सामग्री भरपूर आहे.

१२ मे

खेळाडूंना द्यायचं पान लिहून झालं. प्रत्येक देवाला चार ओळी आणि ठरलेले चार प्रश्न: काय मागतो, काय चालत नाही, कोण त्याच्या जिवावर पोट भरतो, आणि लोक त्याला मागे काय म्हणतात. मेरोबाचं नमुन्यादाखल:

"मेरोबा. दगड मागतो, दर पिढीला एक, मालकाने स्वतः वाहून आणलेला. त्याच्यासमोर जमिनीबद्दल खोटं बोललेलं चालत नाही. इतर कशाबद्दलही चालतं. मोजणीदार आणि लग्न जुळवणारे त्याच्यावर जगतात. लोक म्हणतात बहिरा आहे, म्हणून त्याच्यापुढे सगळे ओरडून बोलतात, आणि म्हणूनच गावातली एकही भानगड लपत नाही."

मेलेल्याला जिवंत करण्याचा मंत्र अजून अडकलाय. धनगरांचा "वरचा" मेलेली माणसं मोजून घेतो. त्याच्या मोजणीतून एक कमी करायचा तर दुसरा कुणीतरी द्यावा लागेल. नियम एवढाच ठेवावा की "दुसरा कोण" ते खेळाडूंनी ठरवावं, यावर अजून निकाल नाही. क्लेरिकवाला म्हणतो कर्जाने घेता येईल, हप्त्याहप्त्याने.

पुढचं सेशन खेळातल्या पौर्णिमेला सुरू होतंय. त्याआधी वाकण आणि वरच्या गावांमधला धान्याचा करार लिहायचाय, साक्षीदार देवांच्या नावांसकट.